सरकारला सल्ला देणारी विचारवंतांची अकादमी काढायची तर

राष्ट्रीय पातळीवर अशी अकादमी उभारायची असेल तर आधी कायदा करून घ्या, नुसत्या सरकारी ऑर्डरवर काढली की सरकार बदलल्यावर गुंडाळायला वेळ लागत नाही. पैसे थेट बजेटमधून, कुठल्या खात्याच्या मर्जीवर नकोत. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसची १८६३ ची सनद बघा, कुठल्याही खात्याने विचारलं की अभ्यास करून सांगायचं, खर्च मिळणार पण मानधन अजिबात नाही. मला ही अट फार पटते.

मेंबर सरकारने नेमायचे नाहीत, आधीच्या मेंबरांनी निवडायचे. पण नुसते प्रोफेसर भरू नका हं. आमच्या गोव्यातल्या खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीला बांध घालून केलेल्या शेतीचा, प्रश्न आला तर दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतला शास्त्रज्ञ हवाच, पण मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं सांभाळणारा माणूसही त्याच टेबलावर हवा, बांध कुठे खचतोय आणि खारं पाणी शेतात कुठून शिरतंय ते त्याला आधी कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिपोर्ट. गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा रिपोर्ट २०११ मध्ये सादर झाला आणि लोकांसमोर आला २०१२ मध्ये, तेही माहिती अधिकाराची लढाई कोर्टापर्यंत गेल्यावर. म्हणून कायद्यातच लिहा, रिपोर्ट दिला की महिन्याभरात वेबसाईटवर, आमच्यासाठी कोंकणी-मराठीतसुद्धा, आणि काय मानलं, काय नाही, का नाही ते सरकारने सहा महिन्यांत लेखी द्यायचं. सल्ला मानायची सक्ती नको, तो निवडून आलेल्यांचा हक्क आहे, पण कारण द्यायची सक्ती हवीच. एखाद्या मेंबराला पटलं नसेल तर त्याचं टिपणही त्याच रिपोर्टात छापा.