व्हॉट्सॲप ग्रुपवर कामातले ज्ञान वाटताना या चुका टाळा

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात आंबा आणि काजू प्रक्रियेच्या ज्या लहान-मध्यम कारखान्यांत माझे जाणे-येणे आहे, तेथे कामाचा एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. बॉयलर का बंद पडला, आंब्याच्या पल्पचा (गाळलेल्या गराचा) रंग का उतरला, नवे कटर कसे बसवायचे, असे सगळे तेथे विचारले जाते आणि उत्तरेही मिळतात. तरीही पुढच्या हंगामात तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. दोष साधनाचा नसतो. साधन वापरण्याच्या काही ठरावीक चुका आहेत आणि त्या बहुतेक सर्व ठिकाणी सारख्याच आढळतात.

बोलणे झाले म्हणजे नोंद झाली, हा समज

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून तिचे उदाहरण सविस्तर देतो. एका कारखान्याच्या ग्रुपवर सलग तीन हंगाम मे महिन्यात एकच प्रश्न आला. सकाळी तपासलेल्या हापूसच्या पल्पचा ब्रिक्स (म्हणजे साखरेचे प्रमाण दाखवणारा आकडा) ठीक येतो, मग त्याच पल्पचा दुपारी कमी का भरतो? पहिल्या वर्षी एका अनुभवी केमिस्टने अचूक उत्तर दिले होते. ब्रिक्स मोजणारा साधा रिफ्रॅक्टोमीटर २० अंश सेल्सिअस तापमान धरून आखलेला असतो. नमुना आणि उपकरण ३० अंशांवर असतील, तर पंधरा-सोळा ब्रिक्सच्या पल्पचे वाचन सुमारे पाऊण अंशाने कमी येते. त्यामुळे नमुना थंड करून पाहावा, तक्त्यानुसार दुरुस्ती मिळवावी किंवा तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारे उपकरण वापरावे, असे त्यांनी सांगितले होते. मात्र हे सारे त्यांनी अडीच मिनिटांच्या आवाजी संदेशात सांगितले आणि सोबत तक्त्याचा एक तिरपा फोटो टाकला.

दुसऱ्या वर्षी ते केमिस्ट तेथे नव्हते. ग्रुपवर शोध घेणाऱ्याने ‘ब्रिक्स’ हा शब्द टाकून पाहिला, पण बोललेला शब्द त्या शोधात सापडला नाही. कोणीतरी साखर वाढवण्याचा सल्ला दिला आणि एक अख्खी बॅच विनाकारण गोड झाली. तिसऱ्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी नवीन होती. ग्रुपमध्ये येण्याआधीचे संदेश तिला दिसतच नव्हते. त्या बॅचचे नुकसान कोणाच्या अज्ञानामुळे झालेले नव्हते, कारण योग्य उत्तर त्याच ग्रुपवर वर्षभर आधी दिलेले होते. ही गोष्ट मला आजही बोचते.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो नेमाने करावा लागतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पाळीप्रमाणे एका व्यक्तीने ग्रुप वर सरकवून पाहावा आणि ज्या प्रश्नाला खरोखर उपयोगी उत्तर मिळाले तेवढेच उचलून, सर्वांना उघडता येईल अशा गूगल डॉक्समधील एका फाइलमध्ये लिहावे. प्रश्न ज्या शब्दांत विचारला गेला तेच शब्द ठेवावेत, कारण पुढच्या वर्षी शोधणाराही त्याच शब्दांनी शोधणार असतो. ‘तापमान-दुरुस्ती’ असे शीर्षक दिले तर ते सापडणार नाही. ‘दुपारी ब्रिक्स कमी का येतो’ असे दिले तर सापडेल. तोच प्रश्न पुन्हा आला की उत्तर नव्याने टाइप न करता त्या नोंदीची लिंक द्यावी आणि विचारणाऱ्याला ‘आधी वाचत जा’ असे सुनावू नये. एकदा सुनावले गेलेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, चूक करून मोकळा होतो.

येथे एक सेटिंगही तपासावे. व्हॉट्सॲपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांसाठी चालू करता येते. फोनची जागा वाचवण्यासाठी कोणीतरी ती चालू केलेली असते आणि हंगाम संपेपर्यंत हंगामाची सुरुवात पुसली गेलेली असते. पिन केलेला संदेशसुद्धा ठरावीक मुदतीनंतर खाली उतरतो. त्यामुळे पिन करणे म्हणजे जपून ठेवणे नव्हे.

संदर्भ गाळून सांगितलेला आकडा

काजूबद्दलचा ‘बी वीस मिनिटे वाफवा’ हा संदेश वाचायला नेमका वाटतो, पण कामाला तो अपुरा आहे. बी मोठी की लहान, किती वाळलेली, कोणत्या महिन्यातली आणि बॉयलरचा दाब किती, हे कळल्याशिवाय त्या वीस मिनिटांना अर्थ नाही. तोच आकडा दुसऱ्या मालाला लावला, तर वाफ जास्त झाल्यास गराचा रंग बिघडतो आणि कमी झाल्यास टरफल नीट फुटत नाही, कटिंगमध्ये अख्ख्या गराऐवजी पाकळी आणि तुकडाच अधिक पडतो. आकडा सांगणाऱ्याने सोबत माल, जागा, दिवस, केलेली कृती आणि शेवटी काय झाले, एवढे लिहावे. हे शेवटचे बहुतेक वेळा राहून जाते. ‘असे करून बघा’ हे असते, ‘करून पाहिले, असे झाले’ हे नसते. दोन दिवसांनी विचारणाऱ्यालाच त्याबद्दल विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत ती नोंद कच्ची समजावी.

रोजच्या वापरातल्या संज्ञांचेही असेच होते. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर भरतील असा काजू, हे जुन्या माणसाला सांगावे लागत नाही आणि म्हणूनच नव्या माणसाला ते कोणी सांगत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर अशा वीस-पंचवीस शब्दांचे अर्थ लिहून ठेवावेत.

ज्यांना सर्वांत जास्त कळते, तेच ग्रुपवर नसतात

सोलाई, म्हणजे काजूगरावरची साल काढण्याचे काम, करणाऱ्या बायकांपैकी अनेकींच्या घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. ग्रुपमध्ये सुपरवायझर असतात, मालक असतात, हिशेबनीस असतात. ज्यांच्या बोटांखालून रोज माल जातो त्या नसतात. पावसाळी हवेत गर ओल धरतो आणि साल चिकटून बसते, अशा वेळी ट्रेमधला कोणता माल आधी सोलायचा आणि कोणता परत ड्रायरला द्यायचा, हे तुम्ही कसे ठरवता, असे मी एका काकींना विचारले होते. त्या म्हणाल्या, ‘‘ता हाताक कळता.’’ पुढे त्या थांबल्या, कारण आपल्याला लिहिता येण्यासारखे काही सांगता येत नाही असे त्यांना वाटले. बोटांनी साल चुरडून दाखवायला सांगितले, तेव्हा मात्र त्यांनी दहा मिनिटे न थांबता मालवणीत सगळे समजावले.

म्हणून अशा माणसांकडून लेखी मजकूर मागू नये. कामाच्या जागीच, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याच बोलीत, छोटा व्हिडिओ काढावा. त्याखाली दुसऱ्या कोणीतरी तीन-चार ओळींत सार लिहावे, म्हणजे ते शोधात सापडेल. बोली ‘शुद्ध’ करण्याच्या भानगडीत पडू नये. आपले बोलणे सुधारून घेतले जाते हे लक्षात आले की माणसे गप्प होतात. आणि नोंदीखाली त्यांचे नाव अवश्य लिहावे. झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांचा ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा ही माणसे छापील पुस्तिकेपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या अनुभवांवर अधिक विसंबतात असे दिसले. पुढे १९९०च्या दशकात त्या कंपनीत ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञाने पाठवलेला तोडगा अनुभवी सहकारी तपासत आणि मग तो देणाऱ्याच्या नावासह सर्वांपर्यंत जाई. तपासणी आणि नाव या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या ग्रुपवर सहज आणता येतात, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

काही जाणकार फोन असूनही बोलत नाहीत. आपले गुपित दिले तर आपली गरज उरणार नाही, ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. मालकाने त्यांना शिकवण्याचे काम नेमून द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा, एवढाच त्यावर प्रामाणिक उपाय मला दिसतो. शिवाय चूक कबूल करण्याची जागा मालकाच्या नजरेसमोर नसावी. कामगारांचा वेगळा ग्रुप ठेवावा आणि त्यातले निवडक पुढे जाऊ द्यावे.

फॉरवर्डची मात्रा

बागायतदार आणि कारखाने एकाच ग्रुपवर असले की तुडतुडे, भुरी आणि करपा या आंब्यावरच्या किडी-रोगांवरील फवारणीचे फॉरवर्ड फिरू लागतात. कीडनाशकाची मात्रा फॉरवर्डवरून कधीही घेऊ नये. ती दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरून आणि डब्यावरील लेबलवरून घ्यावी. ग्रुपवर मूळ पत्रकच टाकावे, त्यावरून कोणी टाइप केलेली ओळ नको.

एकाच माणसाच्या हाती किल्ली

एका ठिकाणी ग्रुपचा एकमेव ॲडमिन आणि गूगल शीटचा मालक एकच तरुण होता. तो नोकरीसाठी मुंबईला गेला, नंबर बदलला आणि ती शीट त्याच्या खासगी खात्यात राहिली. तो भला मुलगा होता, त्याने मागितल्यावर ती दिलीही, पण तोपर्यंत दीड महिना गेला होता. किमान दोन ॲडमिन असावेत आणि फाइल कारखान्याच्या स्वतंत्र ईमेल खात्यावर असावी.

कंपन्यांच्या सेवाही कायम राहत नाहीत. सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस हे समाजमाध्यम एप्रिल २०१९मध्ये बंद झाले. कार्यालयांसाठीचे फेसबुकचे ‘वर्कप्लेस’ बंद करण्याची घोषणा २०२४मध्ये झाली. कामाच्या संदेशांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्लॅक या ॲपच्या मोफत योजनेत फक्त मागच्या ९० दिवसांचे संदेश दिसतात. त्यामुळे वर्षातून दोनदा सर्व नोंदींची प्रत उतरवून घ्यावी.

किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोलीच्या बाजूला वीज आणि मोबाइलचे नेटवर्क कित्येक दिवस नव्हते. जनरेटर सुरू करण्याची पद्धत फक्त ग्रुपवर असेल, तर नेमक्या त्याच दिवशी ती वाचता येणार नाही. म्हणून बॉयलर, जनरेटर आणि शीतगृहाच्या सूचना छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावाव्यात. मात्र केवळ कागदावरही विसंबता येत नाही, कारण २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये दुकाने आणि कार्यालयांतील कागदपत्रे पाण्याखाली गेली. एक प्रत भिंतीवर, एक ऑनलाइन आणि एक दुसऱ्या गावात पेन ड्राइव्हवर, अशी व्यवस्था असावी.

ग्राहकांचे दर, कामगारांची आधार कार्डे आणि हजेरीचे फोटो यांतले काहीही अशा ग्रुपवर टाकू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी कोणाचे आधार कार्ड शंभर फोनांत असणे गैरच आहे.

नोंदी तपासायला पावसाळा बरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका शाकारलेल्या असतात, आंब्याचा हंगामही संपलेला असतो आणि माणसांना बसायला वेळ असतो. दोन दुपारी सोलाईच्या बायकांना आणि बॉयलरवाल्यांना बोलवून, वर्षाच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. जेथे कोणी ‘असा नाय’ म्हणून अडवेल, तेथे थांबून ती नोंद त्यांच्यासमोरच दुरुस्त करावी आणि दुरुस्तीची तारीख घालावी.