नोकरीत अडकलोय, आता शिकू का? आधी एवढं तपासा

चाकणच्या एका प्लांटमधला मित्र परवा म्हणाला, डिप्लोमा करून १४ वर्षं झाली, पुढं सरकतच नाहीये, एमबीए करू का. म्हटलं थांब, आधी तुझ्या वरच्या पोस्टवरच्या पाच जणांचं लिंक्डइन उघड आणि कुणाकडं काय डिग्री आहे ते बघ. मग एचआरला सरळ विचार, लाजू नको, "डिग्रीमुळं अडलंय का, आणि आणली तर ग्रेड बदलेल का?" उत्तर गोलगोल आलं तर समजून जायचं. त्याचं निघालं काय, तर कंपनीच्या पॉलिसीत बीई लागतेच, आणि तसंही नुसत्या डिप्लोमावर एमबीएला घेत नाहीत, ग्रॅज्युएशन लागतं.

आता बीई पोस्टानं होत नाही बरं का. डिस्टन्सनं इंजिनिअरिंगला मान्यता नाही, त्यापेक्षा नोकरदारांसाठी संध्याकाळच्या बॅचेस असलेलं एआयसीटीई (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्य कॉलेज शोधा. बीकॉम-एमबीए ऑनलाइन चालतं, पण युजीसीच्या (विद्यापीठांवर देखरेख करणारा आयोग) डीईबी म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर युनिव्हर्सिटीचं आणि कोर्सचं नाव आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर विश्वास नको.

पैशांचं म्हणाल तर फी भागिले महिन्याची खरी वाढ, चार-पाच वर्षांत वसूल होत नसेल तर मी तरी करणार नाही. शिक्षणाच्या कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट आहे (८०ई म्हणून ओळखतात ती), पण फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये.

आणि घरी विचारा, रविवार जाणारेत सगळे. माझा मित्र अजून बायकोशी बोललेला नाही.