जलरंगातील गडद-फिकटाचा अभ्यास एकाच रंगात का करावा

जलरंग शिकू पाहणारे बहुतेक जण प्रथम रंगांची मोठी पेटी विकत घेतात. माझ्या अनुभवानुसार सुरुवातीच्या काळात एकच ट्यूब पुरते आणि ती पेन्स ग्रे (निळसर करडा), सेपिया (गडद तपकिरी) किंवा इंडिगो (गडद निळा) यांपैकी असावी. पिवळा रंग कितीही दाट लावला तरी पुरेसा गडद होत नाही, त्यामुळे त्यात फिकटापासून गडदापर्यंतच्या छटांची पूर्ण पट्टी करताच येत नाही. कागद मात्र ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्यावा, कारण पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि वॉश, म्हणजे पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ थर, सपाट बसत नाही.

पाच चौकोनांची पट्टी करताना पहिला चौकोन कोरा ठेवावा आणि शेवटच्यात जवळजवळ पाणी न घालता रंग भरावा. खरा कस मधल्या तिघांत लागतो, कारण जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना बरोबर वाटलेला गडदपणा वाळल्यावर कमीच भरतो, हे हाताला कळेपर्यंत पट्ट्या करत राहाव्यात.

यानंतरची अडचण डोळ्यांची आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर चित्र काढायला बसलेले नवखे विद्यार्थी सगळ्या पायऱ्या सरसकट गडद रंगवतात, कारण दगड काळा आहे हे त्यांना आधीपासून माहीत असते. प्रत्यक्षात उन्हात तापलेला पायरीचा माथा आणि सावलीत गेलेली चुन्याची भिंत यांची छटा पुष्कळदा जवळपास सारखी भरते. गडद असते ती पायरीची सावलीतली उभी बाजू. डोळे किलकिले करून पाहिले की रंग आणि बारीक तपशील मागे पडतात आणि हा फरक दिसू लागतो. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढूनही तो कळतो, पण ते चित्र झाल्यावर पडताळण्यासाठीच वापरावे; आधी पाहिले तर डोळ्यांना सवय लागत नाही.

चित्रकार सा. ल. हळदणकरांचे मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र या दृष्टीने जरूर अभ्यासावे. हाताच्या आडोशाने झाकलेल्या दिव्याचा प्रकाश त्यात इतका जिवंत वाटतो, तो भोवतालच्या गडद छटांमुळे. त्याची तळहाताएवढी नक्कल केवळ तीन छटांत करून पाहावी. ती दुरूनही ओळखू आली, तर अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या जोडीकडे वळायला हरकत नाही; त्यांच्या दाट मिश्रणातून काळ्या रंगाविना भरपूर गडद छटा मिळते.