बायबल कसे वाचावे आणि वाचलेले दुसऱ्याला कसे सांगावे

बायबल वाचायचे ठरवणारी बहुतेक माणसे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून आरंभ करतात, अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांच्या कथा ओढीने वाचतात आणि निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांची व खांबांची मापे सुरू झाली की थांबतात. मी स्वतः दोनदा तेथेच थांबले होते. त्या मापांनाही अर्थ आहे, परंतु तो कळण्यासाठी आधी येशूची ओळख व्हायला हवी, आणि ती नव्या वाचकाला झालेली नसते. म्हणून मंडळीत कोणी मला विचारले की मी मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करायला सांगते. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी ते सर्वांत लहान आहे, त्याचे सोळाच अध्याय आहेत, आणि मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तासांत ते पूर्ण होते. आमच्या घरी आजोबांनी घालून दिलेला नियम वेगळा होता: आठवड्याच्या सहा दिवशी तीन-तीन अध्याय आणि रविवारी पाच, म्हणजे प्रॉटेस्टंट बायबलच्या 66 पुस्तकांतील 1,189 अध्याय वर्षभरात संपतात. हिशेब बरोबर आहे आणि ज्याची वाचनाची बैठक पक्की झाली आहे त्याने तो अवश्य पाळावा. नवख्याच्या बाबतीत मात्र रोजचे तीन अध्याय संपवण्याची घाई त्या अध्यायांवर मात करते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

कोणते भाषांतर घ्यावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. बायबल सोसायटीच्या जुन्या वळणाच्या मराठीला उपासनेत एक भारदस्तपणा आहे, आणि लहानपणी पाठ केलेली स्तोत्रे त्याच शब्दांत ओठांवर येतात. पण घरात एकट्याने वाचताना वाक्य दोनदा वाचूनही कळत नसेल, तर सोप्या मराठीतील आवृत्ती शेजारी ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, त्यामागे हाच ध्यास होता की कमी शिकलेल्या बायकांनाही ते कोणाच्या मदतीशिवाय वाचता यावे. नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरभाग, 1913 मध्ये छापून झाला. पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर आला. आयुष्याची शेवटची वर्षे ज्या कामासाठी त्यांनी वेचली, त्याचा मान राखायचा तर शास्त्र आपल्याला समजणाऱ्या मराठीत वाचावे. वसईकडच्या कॅथलिक वाचकांच्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ असते. त्यात कॅथलिक परंपरेप्रमाणे 73 पुस्तके आहेत, हे शेजारी बसून वाचताना लक्षात ठेवावे, म्हणजे पाने जुळत नाहीत म्हणून गोंधळ होणार नाही.

वाचण्याची माझी रीत एका उदाहरणाने सांगते. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी येशूने वादळ शांत केल्याची कथा आहे. ती शब्बाथशाळेपासून आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की डोळे ओळींवरून घसरत जातात. अशा वेळी पहिले वाचन मोठ्याने करावे, मग वही घेऊन बसावे, आणि कथेत काय काय आहे तेवढेच लिहावे. अर्थ अजून लिहू नये. असे केले तेव्हा मला पहिल्यांदा दिसले की येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला आहे. आणखी दिसले की त्या नावेबरोबर दुसरेही मचवे निघाले होते, म्हणजे वादळात एकटे शिष्यच सापडले नव्हते. मत्तय आणि लूक आपापल्या शुभवर्तमानात हीच कथा सांगतात, पण त्यांच्याकडे ना ती उशी आहे ना ते मचवे. मग शिष्यांचे बोलणे पाहिले. मत्तयात ते ‘प्रभू, वाचवा’ अशी विनवणी करतात. मार्कमध्ये ते झोपलेल्या गुरूला उठवून विचारतात की आम्ही बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही का. ही तक्रार आहे. आणि मार्कने ती झाकून ठेवलेली नाही. कथेचा शेवटही उत्तराने होत नाही. वारा पडल्यावर घाबरलेले शिष्य एकमेकांना विचारतात की वारा आणि समुद्रही ज्याचे ऐकतात असा हा आहे तरी कोण.

एवढे टिपायला मला पाऊण तास लागला आणि त्या दिवशी मी सात वचनांच्या पुढे गेले नाही. ती सात वचने पुढे वर्षभर पुरली.

यानंतरच अर्थाकडे वळावे, आणि तेही मागचे-पुढचे वाचून. वचनांना आज आपण जे क्रमांक देतो, ते नव्या कराराला 1551 मध्ये पॅरिसच्या रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले; लिहिणाऱ्यांच्या मनात ते तुकडे नव्हते. क्रमांकांमुळे वचन शोधणे सोपे झाले, तसेच ते तोडून कॅलेंडरवर छापणेही सोपे झाले. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन घ्या. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, असा त्याचा आशय आहे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की ते आपल्या घराघरांत म्हटले जाते. त्याच्या अगोदरची दोन वचने वाचली तर कळते की पत्र लिहिणारा पौल तेथे यशाविषयी बोलत नाही. कैदेत असलेला हा माणूस सांगतो आहे की पोट भरलेले असताना आणि उपाशी असताना, विपुलतेत आणि टंचाईत, दोन्ही स्थितींत कसे राहायचे हे तो शिकला आहे. परीक्षेला जाणाऱ्या मुलासाठी ते वचन म्हणू नये असे मी म्हणत नाही. नापास झालेल्या मुलासाठी ते अधिक खरे आहे, हे मात्र आपल्याला माहीत असावे.

वाचन प्रार्थनेत कसे न्यावे, याविषयी फार सांगण्यासारखे नाही. जे वाचले त्यातलाच एखादा शब्द घेऊन देवाशी बोलावे, आणि त्या दिवशी मनात तक्रार असेल तर शिष्यांप्रमाणे तक्रारच करावी. सुमारे निम्मी नसली तरी पुष्कळ स्तोत्रे अशा तक्रारींनीच भरलेली आहेत.

आता दुसऱ्याला सांगण्याविषयी. येथे मला आधी माझी चूक लिहिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी पुण्यातील आमच्या इमारतीत शेजारच्या काकू अचानक गेल्या. तिसऱ्या दिवशी मी काकांना भेटायला गेले आणि बसल्याबसल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील ते प्रसिद्ध वचन त्यांना ऐकवले की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. काका ‘बरं’ म्हणाले आणि हार घातलेल्या फोटोकडे पाहत राहिले. मी बोललेले वचन खरे होते, पण ते मी माझी अवघडलेली शांतता मोडण्यासाठी वापरले होते. ज्या घरात चूलही धड पेटली नव्हती तेथे मी डबा न्यायला हवा होता, आणि तो ठेवून गप्प बसायला हवे होते.

साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला कसा सांगावा, हे मला त्यानंतर रूथच्या पुस्तकाने शिकवले. माझी आजी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावची. ज्वारीची काढणी झाली की ती इतर बायकांबरोबर दुसऱ्याच्या रानात सरवा वेचायला जायची, आणि पदरात पडलेली कणसे मोजण्यापेक्षा शेताचा मालक बांधावर उभा राहून काय बोलतो याचीच तिला धास्ती असायची, असे ती सांगत असे. रूथही सरवा वेचणारी आहे, शिवाय परकी, मवाबी, विधवा. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिच्यासाठी मुठीतून काही कणसे मुद्दाम खाली पडू द्या, आणि तिला लाजवू नका. तो धान्याची गोणी तिच्या डोक्यावर लादत नाही, आणि तिने ती कोणत्या देवाच्या नावाने घ्यावी अशी अटही घालत नाही. ती वाकते, वेचते, संध्याकाळी झोडपते आणि एफाभर, म्हणजे एक मोठे माप भरून, सातू घेऊन सासूकडे जाते. आपला विश्वास दुसऱ्यासमोर असाच सांडलेला असावा, असे मला वाटते: घ्यावासा वाटला तर हाताशी असलेला, आणि न घेणाऱ्याला ओशाळे न करणारा.

व्यवहारात याचा अर्थ असा की आपण काय वाचतो, रविवारी कोठे जातो, जेवणापूर्वी डोळे का मिटतो, हे लपवू नये, आणि कोणी विचारेपर्यंत त्यावर व्याख्यानही देऊ नये. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास तयार असा, असे सांगितले आहे. तेथे विचारणारा आधी आहे, आणि उत्तर सौम्यतेने द्यायचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प कूशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत जातो, तेव्हा तो यशयाचे वाचन ऐकतो, वाचता ते समजते का असे विचारतो, आणि अधिकाऱ्याने बोलावल्यावरच रथात चढून बसतो. ऐकणे, विचारणे आणि बोलावण्याची वाट पाहणे हा क्रम आपल्याकडून सर्वांत जास्त चुकतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हकिकत मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी युरोपियन भेटला, त्याने त्यांच्याशी काव्यावर आदराने गप्पा केल्या आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती पेन्सिल हातात घेऊन, खुणा करीत वाचायला घेतली आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचे नाव कोणाच्या लक्षात राहिलेले नाही, आणि मला या कथेतील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे घर मोडल्यासारखे झाले, काही वर्षे दोघे वेगळे राहिले, आणि परत एकत्र आल्यावरही त्या आपल्या आचारविचारांनिशीच त्यांच्या घरात राहत होत्या. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. घरातल्या माणसाला साक्ष देताना या दोघांची आठवण ठेवावी, कारण तेथे आपली घाई सर्वांत जास्त असते आणि तिची किंमतही समोरच्यालाच सर्वांत जास्त मोजावी लागते.

कायद्याची बाजू थोडक्यात पण स्पष्ट माहीत असावी. राज्यघटनेचे 25 वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केले की दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेक राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदेही आहेत. कायदा नसता तरी शाळेची फी, औषधाचा खर्च किंवा नोकरीची शिफारस यांच्या जोडीला विश्वासाचे बोलणे मी कधीच आणू दिले नसते. मदत करायची तर ती पूर्ण करावी आणि त्या दिवशी दुसरे काही बोलू नये.

कोणी खरोखर विचारले तर काय द्यावे? जाडजूड ग्रंथ देऊ नये. मोठ्या टायपातील मार्ककृत शुभवर्तमानाची एक सुटी प्रत घरात ठेवावी, आणि ‘वाचून सांगा’ असे म्हणण्याऐवजी ‘आपण मिळून वाचू या का’ असे विचारावे. एका वेळी एकच प्रसंग घ्यावा. समोरच्याला आधी वाचू द्यावे आणि आधी बोलू द्यावे. आपल्याला उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगावे, पाळकांना किंवा जाणत्या माणसाला विचारावे आणि पुढच्या वेळी ते आठवणीने घेऊन यावे.

काकूंना जाऊन वर्ष होत आले होते, तेव्हा एका सकाळी काकांनी गॅलरीतूनच मला विचारले, “काय वाचत असतेस गं रोज?” मी कठड्यावरून वाकून सांगितले, आणि संध्याकाळी ते चहाला आले तेव्हा वादळाची ती सात वचने त्यांना वाचायला दिली. ते शिष्यांच्या प्रश्नापाशी थांबले. “काळजी नाही का, असं तोंडावर विचारलं त्यांनी?” एवढेच म्हणाले. मी ‘हो’ म्हटले आणि पुढे काही जोडले नाही. तेव्हापासून आम्ही गुरुवारी संध्याकाळी थोडे थोडे वाचतो. ते अजूनही सकाळी त्यांच्या देवांची पूजा करूनच बाहेर पडतात, आणि मी त्याविषयी कधी विचारलेले नाही. मागच्या गुरुवारी आम्ही पंधराव्या अध्यायात आलो. वधस्तंभावर येशू मोठ्याने ओरडून आपल्या देवाला विचारतो की तू माझा त्याग का केलास, त्या ओळीवर काकांनी बोट ठेवले आणि म्हणाले, “म्हणजे हासुद्धा विचारतो.” मी त्यांना स्तोत्रसंहितेतील बाविसावे स्तोत्र काढून दिले, ज्याची पहिली ओळ हाच प्रश्न आहे, आणि त्या संध्याकाळी आम्ही त्याची एकतीस वचने आळीपाळीने मोठ्याने वाचली.