पावसाळ्यात पीएम २.५ चे आकडे उड्या मारत होते

मुंबईतलं हवेचं प्रदूषण मोजणारं स्टेशन, ऐन जुलै. हवा धुऊन निघालेली, आणि बीटा मॉनिटर (टेपवर साचलेली धूळ बीटा किरणांनी मोजणारं यंत्र) मात्र एका तासाला पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, शंभरावर दाखवतोय, पुढच्याच तासाला उणे! २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, त्यामुळे फोन सुरू. हवा ओढण्याचा फ्लो बरोबर, १६.७ लिटर प्रतिमिनिट, लीक टेस्टही पास. टेप काढली तर डाग ओलसर, कडा फिसकटलेल्या. खोलीतल्या एसीचा झोत थेट छतातून उतरणाऱ्या सॅम्पल ट्यूबवर; दमट हवा आत येताच नळीत पाणी सुटत होतं. वर आत येणारी हवा कोरडी ठेवणारा इनलेट हीटर गार, वायर सैल. वायर घट्ट केली, ट्यूबला फोम गुंडाळला, एसीची पाती वळवली, नोझल अल्कोहोलने पुसून नवी टेप चढवली. आकडे जागेवर आले. आधीचा डेटा मात्र बाद करावा लागला, आणि त्यावरून ऑफिसात झालेली वादावादी दुरुस्तीपेक्षा जास्त दमवणारी होती.