बैलाची मान का तडकत होती

हाताने घडवलेल्या मातीच्या बैलाच्या मानेला वाळतानाच तडा जाण्याचा प्रकार सलग तीनदा घडला आणि चौथा, तडा न गेलेला बैल भट्टीत फुटला, तेव्हा दोष मातीचा नसून माझ्या घाईचा आहे, हे मला मान्य करावे लागले.

जाड, भरीव धड ओले असतानाच बारीक शिंगे आणि कान वाळून आक्रसत, आणि मधल्या मध्ये ताणली गेलेली मान सांध्यावर उलत असे. आता मी मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून धड पोकळ घडवतो, भिंत सुमारे १ सेंटिमीटर जाड ठेवतो आणि आकुंचन कमी व्हावे म्हणून मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळतो. जोडायचे दोन्ही भाग सारखेच ओलसर आहेत याची खात्री करून त्यांवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढतो, त्याच मातीचा दाट घोळ लावतो आणि सांध्यावर बारीक वळी दाबून बसवतो. त्यानंतर शिंगांना ओले फडके, सगळ्यावर प्लास्टिक आणि दोन आठवड्यांची कळ. हा भाग मला सर्वांत जड जातो.

भट्टीतला स्फोट कोंडलेल्या हवेमुळे होतो, असे मीही समजत होतो. खरे कारण मातीत उरलेले पाणी, ज्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ होते. म्हणून पोटाखाली छिद्र ठेवले, भट्टी रात्रभर ९० अंशांच्या आसपास राखली आणि ५७३ अंशांजवळ मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचे आकारमान एकदम बदलत असल्याने तो टप्पाही सावकाश ओलांडला.

पाचवा बैल अखंड निघाला. त्याच्या मानेवरचा माझ्या अंगठ्याचा ठसा मी मुद्दामच पुसला नव्हता.