राख-प्लास्टिक संमिश्राची मजबुती का घटते? या चुका टाळा

टाकाऊ प्लास्टिक वितळवून त्यात राख मिसळली आणि ते मिश्रण साच्यात दाबले, की हाताला जड आणि टणक लागणारी फळी तयार होते. टणक लागते म्हणून ती मजबूतही असेल, असे गृहीत धरले जाते, आणि या कामातील बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. राखेमुळे पदार्थाची ताठरता वाढते, म्हणजे ठरावीक भाराखाली तो कमी वाकतो. परंतु तुटण्यापूर्वी तो किती भार पेलेल हा वेगळा प्रश्न आहे. औष्णिक वीजकेंद्रातील उडत्या राखेचे, म्हणजे फ्लाय ॲशचे, कण बहुतांशी गोल असतात. धाग्यासारखा लांब कण आपल्या लांबीभर ताण वाहून नेतो. गोल कणाला ते जमत नाही. म्हणून अशा राखेकडे मुळात भराव म्हणून पाहावे आणि मजबुती टिकवण्याचे उपाय स्वतंत्रपणे करावेत.

प्रमाण मोजताना होणारी गफलत

मिश्रण वजनाने केले जाते, पण मजबुतीवर परिणाम होतो तो आकारमानाचा. उच्च घनतेच्या पॉलिइथिलीन या प्लास्टिकची घनता सुमारे ०.९५ आणि राखेची २.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर वजनाने ४० टक्के राख म्हणजे आकारमानाने केवळ २२ टक्क्यांच्या आसपास राख होय. हा आकडा लहान वाटतो म्हणून निश्चिंत होऊ नये. कण आणि प्लास्टिक यांच्यात अजिबात पकड नसेल, तर निकोलाइस आणि नार्किस या संशोधकांच्या सूत्रानुसार मूळ ताणसामर्थ्य (ताणून तुटण्यापूर्वी पेललेला कमाल ताण) १ मानून त्यातून राखेच्या आकारमान-अंशाच्या (येथे सुमारे ०.२२) दोन-तृतीयांश घाताची १.२१ पट वजा होते. वरच्या उदाहरणात त्यामुळे मूळ सामर्थ्याचा सुमारे ५५ टक्केच भाग उरतो. २५ मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) सामर्थ्याचे प्लास्टिक जवळपास १४ वर येते. प्रत्यक्ष नमुना याच आकड्याभोवती घुटमळत असेल, तर राख प्लास्टिकला चिकटलेलीच नाही, असा संशय घ्यायला हवा. प्रत्येक नव्या मिश्रणासाठी हा हिशेब प्रयोगापूर्वीच मांडून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. त्याविना हाती आलेला आकडा चांगला की वाईट, हे ठरवायला आधारच उरत नाही.

पकड नसेल तर बाकी सारे व्यर्थ

राखेचा पृष्ठभाग सिलिका आणि ॲल्युमिनाचा, म्हणजे ध्रुवीय (विद्युतभार असमान वाटलेला) असतो, तर पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन अध्रुवीय असतात. दोन्ही एकत्र मळले तरी ते एकमेकांना धरत नाहीत; ताण आला की कणाभोवती फट पडते आणि तीच पुढे तडा बनते. यावर उपाय म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिमर किंवा सिलेन यांसारखे कपलिंग एजंट, म्हणजे राख आणि प्लास्टिक यांना जोडणारी रसायने, वापरतात. येथे तीन चुका वारंवार दिसतात. पॉलिइथिलीनच्या मिश्रणात पॉलिप्रॉपिलीनवर आधारित एजंट घातला जातो. दोन्ही प्लास्टिक दिसायला सारखी असली तरी ती एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून एजंट मूळ प्लास्टिकच्याच कुळातला हवा. दुसरे म्हणजे, थोड्याने फरक पडला म्हणून त्याची मात्रा वाढवत नेली जाते. पण या एजंटच्या साखळ्या बहुधा आखूड असल्याने एका मर्यादेनंतर ते पदार्थाला मऊ आणि दुबळे करतात. तिसरी चूक सर्वांत फसवी आहे. राखेला स्टिअरिक ॲसिडचा लेप दिला की ती सहज मिसळते, गुठळ्या कमी होतात आणि मिश्रण सुरळीत वाहते, म्हणून पकडही सुधारली असे समजले जाते. वस्तुतः हा लेप कणाला प्लास्टिकशी जोडत नाही, केवळ निसरडा करतो.

राखेत उरलेला न जळलेला कोळसाही हीच पकड बिघडवतो, कारण त्याचे कण सच्छिद्र आणि कमकुवत असतात आणि प्लास्टिकमधील स्थिरकारी रसायने शोषून घेऊ शकतात. राख तापवून वजनातील घट मोजली की या कोळशाचा अंदाज येतो. काँक्रीटसाठीच्या एएसटीएम सी ६१८ या अमेरिकी मानकात या घटीची मर्यादा ६ टक्के दिली आहे, परंतु ती सिमेंटच्या कामासाठी ठरवलेली असल्याने प्लास्टिकसाठी तेवढीच पुरेशी मानू नये.

ओलावा आणि पोकळ्या

राख कोरडी दिसते, पण हवेतील बाष्प धरून ठेवते आणि गरम प्लास्टिकमध्ये त्याची वाफ होऊन पोकळ्या पडतात. ती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी, बंद डब्यात थंड करावी आणि विलंब न लावता वापरावी. रात्रभर वाळवलेली राख सकाळी उघड्या ट्रेमध्ये ठेवली, तर वाळवण्याचा बराचसा उपयोग वाया जातो. पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या) बाबतीत ओलाव्याचे नुकसान अधिक खोल असते. वितळलेल्या पीईटीमध्ये पाण्याचा अंश राहिला, तर त्याच्या साखळ्यांतील एस्टर बंध तुटतात आणि पदार्थ ठिसूळ होतो. म्हणून त्यातील ओलावा ०.००५ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. एकदा तुटलेली साखळी नंतर कितीही वाळवले तरी जुळत नाही.

पोकळ्या शोधायला महागडे यंत्र लागत नाही. वरच्या ४० टक्के राखेच्या मिश्रणाची सैद्धांतिक घनता १.२३ येते, पाण्यात तोलून प्रत्यक्ष घनता १.१७ आढळली, तर सुमारे ५ टक्के जागा रिकामी आहे. मग तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा. गुळगुळीत भिंतींच्या मोठ्या पोकळ्या वायू किंवा वाफ दर्शवतात. कण निखळून गेल्याने उरलेले स्वच्छ, गोल खळगे पकडीचा अभाव सांगतात. आणि राखेच्या पांढुरक्या किंवा करड्या गाठी मिश्रण अपुरे झाल्याचे दाखवतात. या तिन्ही दोषांवरचे उपाय वेगवेगळे असल्याने, पृष्ठभाग न पाहता केवळ एजंट किंवा तापमान बदलत राहणे म्हणजे वेळ आणि साहित्य दोन्ही घालवणे होय.

मिसळलेले प्लास्टिक

पाण्याच्या टाकीत पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, तर पीईटी आणि पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) बुडतात. एवढ्या वर्गीकरणावर समाधान मानले जाते. परंतु तरंगणाऱ्या दोघांना पाणी वेगळे करू शकत नाही आणि बुडणाऱ्यांची जोडी तर घातक असते, कारण पीईटी सुमारे २५० अंशांना वितळते, तर त्या तापमानात पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. उलट पॉलिइथिलीनच्या २०० अंशांच्या कामात चुकून आलेले पीईटीचे तुकडे वितळतच नाहीत. ते कठीण कपच्यांसारखे राहतात आणि तडे तेथूनच निघतात. वारंवार तापवल्याचा परिणामही सर्व प्लास्टिकवर सारखा नसतो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या मुख्यतः तुटत जातात, तर पॉलिइथिलीनमध्ये त्या एकमेकींना जोडल्याही जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक नव्या खेपेचा मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते याचे माप, मोजावा.

चाचणीतील चुका

तुलना नेहमी त्याच खेपेच्या, तशाच प्रक्रियेतून गेलेल्या, पण राख नसलेल्या प्लास्टिकशी करावी. नव्या प्लास्टिकच्या माहितीपत्रकाशी केलेली तुलना राखेवर विनाकारण दोष टाकते. वाकवण्याच्या चाचणीत आधारांमधील अंतर सामान्यतः जाडीच्या १६ पट ठेवतात. ते कमी ठेवल्यास निकाल विकृत येतो. शिवाय वाकवून मिळालेला आकडा ताणून मिळालेल्या आकड्यापेक्षा बहुधा मोठा असतो, म्हणून दोन्ही एकाच स्तंभात मांडू नयेत. किमान ५ नमुने घ्यावेत, ते फळीच्या कडेचे आणि मधलेही असावेत, आणि सर्वांत चांगल्या नमुन्याऐवजी सरासरी व विचलन दोन्ही नोंदवावीत.

काही मिनिटांत संपणारी ही चाचणी दीर्घकाळच्या भाराबद्दल काहीच सांगत नाही. प्लास्टिक स्थिर भाराखालीही हळूहळू वाकत, ताणत राहते आणि तापमान वाढले की हा वेग वाढतो. बाक, पूल किंवा मांडणीची फळी बनवायची असेल, तर भार लावून कित्येक आठवडे वाकणे मोजणारी चाचणी टाळता येत नाही. घनकचरा जाळून उरलेली राख वापरली असेल, तर त्यात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. तेव्हा फळी कितीही मजबूत निघाली तरी पाण्यात धातू झिरपतात का, याची तपासणी झाल्याशिवाय ती वापरात आणू नये.